एमआरआय नॉर्मल आला, मग डॉक्टर याला मेंदूचा आजार का म्हणतात?

कृष्णाकाठची

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसती वाचत होते, आज लिहितेय कारण घरात कुणाला विचारायची सोय राहिली नाहीये.

धाकटा भाऊ, वय २३. डिप्लोमा करून पुण्यात कंपनीत लागला होता. मार्चमध्ये त्याच्या रूममेटचा फोन आला की हा चार दिवस खोलीबाहेर आलेला नाही, डबा तसाच परत जातोय. बाबा आणि मी रातोरात गेलो. बघतो तर प्लगच्या भोकांत कापूस कोंबलेला, मोबाईलच्या कॅमेऱ्यावर चिकटपट्टी, आणि हा भिंतीला कान लावून बसलेला. मला बघून हळूच म्हणाला, ताई जोरात बोलू नको, ते सगळं लिहून घेतायत. तो आवाज अजून माझ्या कानातून जात नाही.

सांगलीला आणलं, मानसोपचारवाल्या डॉक्टरांना दाखवलं, आधी सायकोसिस (म्हणजे भास आणि भ्रम होण्याची अवस्था) म्हणाले, आता कागदावर स्किझोफ्रेनिया लिहिलंय. गोळ्या चालू आहेत, झोप लागते, भिंतीला कान लावणं थांबलंय. आवाज मात्र पूर्ण गेले नाहीत असं तोच सांगतो. डॉक्टर म्हणाले हा मेंदूचा आजार आहे, जशी साखर तसंच हे, लाजायचं काही नाही. मला ते ऐकून बरं वाटलं होतं. मग त्यांनी एकदा एमआरआय करून घ्यायला सांगितला, साडेसहा हजार भरून केला, आणि रिपोर्ट आला की मेंदूत कुठलाही विशेष दोष नाही.

झालं, तिथून घरात दोन तट पडलेत. बाबांनी ती फिल्म खिडकीला धरून बराच वेळ बघितली आणि म्हणाले, सगळं बरोबर आहे ना मग हा आजार नक्की कुठं आहे. आत्या म्हणते मेंदूत काही नाही म्हणजे पोरगं एक तर नाटक करतंय नाहीतर बाहेरचं काहीतरी आहे, सात गुरुवार नरसोबाच्या वाडीला न्या. आणि चुलतभावाने भलतंच काढलं, तो म्हणतो नेटवर वाचलंय की स्किझोफ्रेनियात मेंदू आकसतो आणि तो आजाराने नाही तर गोळ्यांनी आकसतो, रिपोर्ट अजून चांगला आहे तोवर गोळ्या बंद करा. आई आता गोळी हातात घेऊन दोन मिनिटं उभी राहते, द्यायची की नाही म्हणून.

मला एवढंच कळून घ्यायचंय, मेंदूचा आजार असेल तर तो फोटोत का दिसत नाही? आणि मेंदू आकसतो हे खरं की खोटं? आणखी भारी मशीनवर परत एमआरआय करायचा का? मी कॉमर्सवाली आहे, सोप्या भाषेत सांगा.

मशीनवाला_नाशिक

ताई, मी एमआरआय टेक्निशियन आहे, १४ वर्षं झाली. डॉक्टर नाही त्यामुळे आजाराचं मी बोलणार नाही, पण त्या फिल्मवर काय असतं ते नक्की सांगू शकतो.

साधा ब्रेनचा एमआरआय करतो तेव्हा आम्ही मेंदूचे साधारण पाच पाच मिलिमीटर जाडीचे काप घेतो, पाव कापतात तसे. रेडिऑलॉजिस्ट त्यात काय बघतात तर गाठ आहे का, रक्तस्राव आहे का, स्ट्रोकचा डाग, सूज, पाणी साठलंय का, आपल्याकडे बऱ्याचदा सापडणाऱ्या सिस्टिसर्कोसिसच्या, म्हणजे जंताच्या अळीच्या गाठी आहेत का. यातलं काही नसलं की लिहितात विशेष दोष नाही. म्हणजे तो रिपोर्ट "यातलं काही सापडलं नाही" असं सांगतो, "या माणसाला काही झालेलं नाही" असं तो म्हणतच नाही. हा फरक मी काउंटरवर दिवसातून चारदा समजावतो.

मेंदूच्या मधोमध पाण्याचे कप्पे असतात, त्यांना व्हेंट्रिकल म्हणतात. फिल्मवर एका प्रकारच्या इमेजमध्ये ते पांढरेशुभ्र दिसतात, पंख पसरलेल्या फुलपाखरासारखे, बाबांनी खिडकीला धरून बघितले असतील ते हेच. आता हे फुलपाखरू प्रत्येकाचं वेगळं. एकाच दिवशी मी दोन धडधाकट पोरांचे स्कॅन केलेत, एकाचं बारीक चिरेसारखं आणि दुसऱ्याचं चांगलं मोठं, दोघंही नुसत्या डोकेदुखीसाठी आलेले. त्यामुळे थोडंसं मोठं असलं तरी रेडिऑलॉजिस्ट त्यावर काही लिहीत नाहीत, आणि ते बरोबरच आहे.

संशोधनासाठी करतात तो स्कॅन वेगळा असतो, एक मिलिमीटरचे काप, मग कॉम्प्युटरवर एकेक भाग कोरून त्याचं माप काढायचं. ते काम आमच्या सेंटरवर होत नाही, जिल्ह्याच्या ठिकाणी सहसा कुठंच होत नाही.

एक सांगायचं राहिलं. असे पेशंट येतात तेव्हा मशीनचा तो ठकठक आवाज त्यांना फार घाबरवतो. आधीच आवाज येत असतात त्यात आमचा. मी आत टाकण्याआधी मशीनचा आवाज मोबाईलवर ऐकवतो आणि प्रत्येक सीक्वेन्सच्या आधी माईकवरून सांगतो की आता चार मिनिटं असा आवाज येईल, तो मशीनचाच आहे. तुमच्या भावाने वीस पंचवीस मिनिटं न हलता काढली असतील तर त्याला माझा सलाम सांगा, ते सोपं नसतं.

कोकणी_डॉक्टर

धागा आज दिसला. मी रत्नागिरीकडे मानसोपचाराची प्रॅक्टिस करतो, बावीस वर्षं झाली. हा प्रश्न आठवड्यातून एकदा तरी समोर येतो आणि ओपीडीत पाच मिनिटांत नीट उत्तर देता येत नाही, म्हणून इथे जरा सविस्तर लिहितो, वाचायला वेळ काढा.

आधी तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं. मेंदूत फरक असतो हे खरं आहे आणि ते काल परवा कळलेलं नाही. क्रेपेलिन नावाच्या ज्या जर्मन डॉक्टरने या आजाराचं पहिलं नीट वर्णन केलं त्याची खात्रीच होती की मेंदूत काहीतरी बिघाड असणार. त्याच्या म्युनिकच्या प्रयोगशाळेत अल्झायमर काम करायचा, तोच तो, ज्याच्या नावाने विस्मरणाचा आजार ओळखतात. १९०६ साली अल्झायमरने एका बाईच्या मेंदूत मायक्रोस्कोपखाली त्या आजाराच्या खुणा दाखवल्या. तेच डोळे, तेच मायक्रोस्कोप स्किझोफ्रेनियाच्या मेंदूंवरही लावले गेले, पण बोट ठेवावं अशी एक खूण काही हाती लागली नाही. त्यामुळे पुढे कित्येक दशकं लोक म्हणत राहिले की मेंदूत काही नाहीच, आईने नीट वाढवलं नाही म्हणून पोर असं झालं. किती आयांनी तो बोल विनाकारण सोसला याची गणती नाही.

मग सीटी स्कॅन आला. १९७६ साली लंडनजवळच्या नॉर्थविक पार्क हॉस्पिटलमध्ये ईव्ह जॉनस्टन, टिम क्रो वगैरे मंडळींनी वर्षानुवर्षं आजारी असलेल्या १७ पेशंटचे स्कॅन ८ निरोगी लोकांच्या स्कॅनशी ताडून बघितले. पेशंटचे ते पाण्याचे कप्पे मोठे निघाले. कप्पे मोठे म्हणजे भोवतालचा मेंदूचा भाग थोडा कमी.

तरी शंका उरतेच, की बाबा माणसामाणसात फरक असतोच, वर मशीनवाल्यांनी सांगितला तसा. म्हणून १९९० साली अमेरिकेत सडाथ, टोरी, वाइनबर्गर यांनी फार सुंदर काम केलं, मला आजही त्याचं कौतुक वाटतं. त्यांनी एकसारख्या जुळ्यांच्या १५ जोड्या गोळा केल्या, एकाला स्किझोफ्रेनिया आणि दुसरा ठणठणीत. जनुकं तीच, घर तेच. एमआरआय काढले. १५ पैकी १४ जोड्यांत आजारी जुळ्याचा डावीकडचा हिप्पोकॅम्पस, म्हणजे आठवणी बांधणारा भाग, आपल्या भावंडापेक्षा लहान होता, आणि डावा कप्पाही १४ जोड्यांत मोठा होता. पण नीट लक्ष द्या, सख्ख्या जुळ्याच्या शेजारी ठेवला तेव्हा तो फरक कळला. कितीतरी आजारी मेंदू एकटे बघितले असते तर त्यांना नॉर्मलच म्हटलं असतं.

आता तुमच्या पहिल्या प्रश्नाकडे. २०१६ मध्ये एनिग्मा नावाच्या संशोधकांच्या गटाने अनेक देशांतले मिळून २०२८ पेशंट आणि २५४० निरोगी माणसांचे एमआरआय एकत्र मोजले. हिप्पोकॅम्पस सरासरीने लहान, अमिग्डाला, थॅलॅमस हे मेंदूतले आणखी दोन भाग लहान, कप्पे मोठे. सगळ्यात ठळक फरक हिप्पोकॅम्पसचा. आणि हा सगळ्यात ठळक फरक केवढा, तर त्या आकड्यांवरून हिशोब केला की असं निघतं, एक पेशंट आणि एक निरोगी माणूस अशी कुठलीही जोडी उचलली तर शंभरातल्या साधारण ६३ वेळा पेशंटचा लहान निघेल आणि ३७ वेळा उलट.

आमच्याकडच्या भाषेत सांगतो. दोन कलमबागा आहेत, एकीला यंदा पाणी थोडं कमी पडलं. दोन्हीकडचे दोन दोन हजार आंबे काट्यावर घातलेत तर एका बागेचा आंबा सरासरीने थोडा हलका भरेल, कुणीही वाद घालणार नाही. पण त्यातला एक आंबा मी तुमच्या हातात दिला आणि विचारलं सांगा कुठल्या बागेचा, तर पिढ्यानपिढ्या आंब्यात घालवलेला बागायतदारसुद्धा नाही सांगू शकणार. तुमच्या भावाचा एमआरआय म्हणजे तो एक आंबा.

म्हणून जगात कुठेही आज एमआरआय बघून स्किझोफ्रेनियाचं निदान करत नाहीत. निदान होतं ते बोलून, घरच्यांकडून हकीकत ऐकून, काही महिने बघून. एमआरआय करतात तो दुसरं काही नाही ना याची खात्री करायला. तुमच्या डॉक्टरांनी त्याचसाठी करायला सांगितला असणार, आणि नॉर्मल आला ही चांगली बातमी आहे.

गोळ्यांचं रात्री लिहितो, पेशंट थांबलेत. तोवर एक कळकळीची विनंती, आईंना सांगा आजची गोळी चुकवू नका.

चहाबिस्कीट

डॉक्टरसाहेब फार छान समजावलंत, आंब्याचं डोक्यात पक्कं बसलं.

पण मला एक जोडायचंय कारण आमच्या घरात उलटं झालं होतं. माझी मावसबहीण, तेव्हा १९ वर्षांची, अचानक बडबड, संशय, झोप नाही, कुणालाही ओळखू न येणं. एका ठिकाणी दाखवलं, एमआरआय केला, नॉर्मल आला, मानसिक आहे म्हणून गोळ्या सुरू झाल्या. दहा दिवसांनी तिचं तोंड सतत चावल्यासारखं हलायला लागलं आणि मग फिट आली. दुसरीकडे हलवलं, तिथल्या न्यूरोलॉजिस्टने पाठीतलं पाणी काढून तपासायला पाठवलं, ऑटोइम्यून एन्सेफलायटिस निघाला. स्वतःच्याच शरीरातल्या अँटिबॉडीज मेंदूवर तुटून पडलेल्या. इंजेक्शनं, आयसीयू, दोन महिने गेले, पण पोरगी बरी झाली, आता एमकॉम करतेय.

म्हणजे तिचाही एमआरआय नॉर्मलच होता! म्हणून मला वाटतं नुसत्या फिल्मवर निर्धास्त राहू नये. ताईंना घाबरवायचं नाहीये, पण फिट, ताप असं काही झालं होतं का ते आठवून बघा.

कोकणी_डॉक्टर

चहाबिस्कीट, तुम्ही हे लिहिलंत ते फार चांगलं केलंत. त्या आजाराच्या एका मुख्य प्रकाराचा शोध २००७ साली दालमाऊ यांच्या गटाने लावला, त्याआधी अशा मुली मनोरुग्ण म्हणून किंवा अंगात आलंय म्हणून किती गेल्या असतील कोण जाणे. आणि तुम्ही म्हणता ते अगदी खरं, त्या आजारात निम्म्याहून जास्त लोकांचा एमआरआय नॉर्मलच येतो. ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विजेच्या लहरींची तपासणी, आणि पाठीतलं पाणी तिथे जास्त सांगतं.

तर कृष्णाकाठची, तुमच्या डॉक्टरांना हे स्पष्ट विचारा. आजार सुरू व्हायच्या आसपास ताप, खूप डोकेदुखी, उलट्या होत्या का, कधी फिट आली का, हातपाय लुळे पडणं, तोंडाच्या विचित्र हालचाली, दिवसवार जागा याचं भान जाणं, डोक्याला मार. आणि आजार काही दिवसांतच एकदम उसळला की महिनोन्‌महिने हळूहळू आला. स्किझोफ्रेनियात बहुतेक वेळा आधीचे काही महिने माणूस हळूहळू मिटत जातो, मित्र तुटतात, आंघोळ टाळतो, अभ्यास सुटतो, घरच्यांना ते नंतर आठवतं. २०२३ मध्ये पहिल्यांदा सायकोसिस झालेल्या १६०० हून जास्त लोकांच्या स्कॅनचा एकत्र आढावा निघाला, त्यात शंभरातल्या साधारण सहा जणांत उपचाराची दिशा बदलावी असं काहीतरी सापडलं. सहा थोडे नाहीत, त्या सहाच्या घरी विचारा. म्हणून एकदा एमआरआय करणं योग्यच. पण एकदा.

आता गोळ्यांचं. तुमच्या चुलतभावाने वाचलंय ते पूर्ण खोटं नाही, त्याला वेड्यात काढू नका. २००५ मध्ये पिट्सबर्गला माकडांना दीड ते सव्वादोन वर्षं हॅलोपेरिडॉल किंवा ओलॅन्झापीन, म्हणजे याच आजारावरचं औषध, दिलं आणि त्यांच्या मेंदूचं आकारमान ८ ते ११ टक्क्यांनी कमी भरलं, ती माकडं आजारी नव्हती. मग २०११ मध्ये आयोवाच्या नॅन्सी अँड्रियासन यांच्या गटाने २११ पेशंटचे सरासरी सात वर्षांचे एमआरआय लागोपाठ मोजले, त्यातही ज्यांना डोस जास्त त्यांच्यात मेंदूचं आकारमान थोडं जास्त कमी झालं. अँड्रियासन म्हणजे आयुष्यभर हाच आजार अभ्यासलेली बाई, गोळ्यांची दुश्मन नव्हे, तरी तिने ते छापलं. त्यामुळे आम्ही डॉक्टर लोक डोस लागेल तेवढाच ठेवायचा प्रयत्न करतो, किमान करायला तरी हवा.

पण म्हणून बंद करा हा निष्कर्ष त्यातून निघत नाही. एक म्हणजे फरक गोळ्या सुरू व्हायच्या आधीही सापडतो, पहिल्यांदाच आलेल्या, एकही गोळी न घेतलेल्या पेशंटमध्येही, थोडा कमी असेल पण असतो. दुसरं, आकारमान कमी म्हणजे पेशी मेल्या असं नाही, पेशींमधल्या जोडण्या, पाणी, रक्तपुरवठा यानेही ते बदलतं. आणि तिसरं सगळ्यात महत्त्वाचं, बंद केल्यावर काय होतं. २०१२ मध्ये लॉयश्त यांच्या गटाने या गोळ्यांच्या ६५ चाचण्या एकत्र केल्या, वर्षभरात गोळी चालू असलेल्यांपैकी २७ टक्क्यांना आजार उलटला, खोटी गोळी दिलेल्यांपैकी ६४ टक्क्यांना. फिनलंडमध्ये ६६ हजारांहून जास्त पेशंटची नोंद ११ वर्षं बघितली गेली, त्यात गोळ्या अजिबात न घेणाऱ्यांमध्ये मृत्यू जास्त होते. आजार उलटला की नोकरी जाते, लग्न मोडतं, कधी जीव जातो, आणि पुढच्या वेळी तेवढ्याच गोळीने उतरेल याची खात्री नसते. मिलिमीटरभर मेंदूची काळजी करताना अख्ख्या माणसाची काळजी सुटू नये एवढंच माझं म्हणणं.

तेव्हा भीती वाटली तर गोळी बंद नको, डॉक्टरांसमोर बसून डोसची चर्चा करा. वजन आणि साखर तपासताय ना ते विचारा, त्या त्रासाबद्दल लोक कमी बोलतात आणि तो रोजचा आहे.

एका_मुलीचा_बाप

नमस्कार. माझी मुलगी आता ३८ वर्षांची आहे, १९ वर्षांपासून हा आजार. मी बँकेतून रिटायर झालो.

बेटा, परत एमआरआय करू नकोस. मी तीन केले. पहिला नॉर्मल, दुसऱ्या वेळी मीच हट्ट धरला आणखी मोठ्या मशीनचा, मुंबईला नेलं, नॉर्मल. तिसऱ्या वेळी रिपोर्टात लिहिलं होतं की कप्पे किंचित ठळक. ती ओळ वाचून मी आणि तिची आई रात्रभर झोपलो नाही, वाटलं चला शेवटी सापडलं, आणि वाटलं आता पोरीचा मेंदू गेला. दोन्ही एकदमच वाटलं. सकाळी डॉक्टरांकडे गेलो, त्यांनी फिल्म बघितली, बाजूला ठेवली आणि विचारलं, काल तिने काय काय केलं? मी म्हटलं, कपडे वाळत घातले, आईशी थोडं बोलली. ते म्हणाले मागच्या महिन्यात हे करत होती का? नव्हती करत. मग ते म्हणाले, तुमच्या त्या ओळीपेक्षा मला हे जास्त सांगून जातं.

त्या दिवसापासून शंभर पानी वही घातलीय. रोज चार ओळी, झोप किती, जेवण, कुणाशी बोलली, आवाज किती त्रास देतात. अशा एकोणीस वह्या झाल्यात. औषध बदललं की वहीत दिसतं. तिला क्लोझापीन हे औषध सुरू करायला फार वर्षं लागली, दोन औषधं पूर्ण डोसमध्ये लागू पडली नाहीत तेव्हाच ते विचारायला हवं होतं, आम्हाला कुणी सांगितलं नाही आणि आम्हालाही कळलं नाही. सुरुवातीला दर आठवड्याला रक्त तपासावं लागतं, दगदग आहे, पण आज ती सकाळी स्वतः चहा करून मला उठवते. तुझ्या भावाचे आवाज राहिलेत म्हणतेस म्हणून सांगितलं, आत्ताच नाही, पण हे नाव लक्षात ठेव.

आणि आत्याचा राग धरू नकोस. वाडीला जायचं असेल तर जाऊ दे, माझी बायकोही जायची, मन शांत होतं, मी स्वतः गाडीने सोडायचो. फक्त गोळीचा डबा पिशवीत असू दे.

अकरा_वर्षं

मी इथे पहिल्यांदाच हे उघड लिहितोय. मला स्वतःला हा आजार आहे. संभाजीनगरला एका ऑफिसात अकाउंट्स बघतो.

तुमच्या भावाच्या जागी मी असताना मला डॉक्टर म्हणाले होते मेंदूचा आजार आहे. त्या क्षणी एक ओझं उतरलं, कारण तोवर मला वाटायचं मीच वाईट आहे म्हणून ते आवाज मला शिव्या देतात. पण नंतर तीच गोष्ट उलटी लागली. काका लोक माझ्यासमोरच बोलायचे, त्याचा मेंदूच खराब आहे त्याला काय विचारता. जमिनीची वाटणी झाली तेव्हा कुणी मला विचारलंही नाही. म्हणून ताई घरात हा शब्द वापरताना जरा जपून वापरा. मेंदूचा आजार आहे असं म्हणा, मेंदू गेलाय असं कुणालाही म्हणू देऊ नका. मी जीएसटीची रिटर्न भरतो, तो मेंदू हाच आहे.

आणि त्याच्याबद्दल इथे विचारलंत तसं त्यालाही विचारा की त्याला काय कळून घ्यायचंय. मला फार वर्षं कुणी विचारलं नव्हतं.

कृष्णाकाठची

सगळ्यांचे खूप खूप आभार, खरंच. काल रात्री आई बाबांना बसवून मशीनवाले दादा आणि डॉक्टरांचे प्रतिसाद मोठ्याने वाचून दाखवले. आंब्याचं ऐकून बाबा पहिल्यांदा म्हणाले, हां, आता कळलं. आईने गोळी दिली, उभी न राहता. ताप, फिट असं काही नव्हतं झालं, उलट आता आठवतंय की गेल्या दिवाळीपासूनच तो फोन उचलत नव्हता, गणपती मंडळातल्या पोरांना भेटायलाही उतरला नव्हता, आम्हाला वाटलं कामाचा ताण असेल. तरी डॉक्टरांना विचारणार आहेच. चुलतभावाला धाग्याची लिंक पाठवली, त्याने वाचलंय, अजून काही बोलला नाही.

काका, वही आणली.

अकरा वर्षं, तुमचं वाचून मी त्याच्याकडे गेले आणि विचारलं, तुला काय विचारायचंय डॉक्टरांना. बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, त्यांना विचार की फोटोत काही नाही तर मला ऐकू कुठून येतं. मला उत्तर देता आलं नाही. डॉक्टरसाहेब, याला काय सांगू?

कोकणी_डॉक्टर

फार नेमका प्रश्न विचारलाय त्याने. त्याला असं सांगा.

एमआरआय मेंदूची ठेवण दाखवतो, इमारतीचा नकाशा. घरात कुठल्या खोलीत दिवा लागलाय ते नकाशात दिसत नाही. तेच मशीन वेगळ्या पद्धतीने चालवलं तर मेंदूचा कुठला भाग त्या क्षणी काम करतोय ते बघता येतं. १९९३ मध्ये लंडनला १२ पेशंटचे आवाज येत असताना आणि नंतर ते थांबल्यावर असे दोनदा स्कॅन झाले, ते वेगळ्या तंत्राने, रक्तपुरवठा मोजून. आवाज येत होते तेव्हा ब्रोका नावाच्या भागात रक्त जास्त होतं, आपण बोलतो तेव्हा शब्द जुळवतो तो भाग. मग १९९९ मध्ये जर्मनीत तीन पेशंटना स्कॅनरमध्ये झोपवून सांगितलं की आवाज सुरू झाला की बटण दाबा, थांबला की सोडा. बटण दाबलेलं असताना त्यांच्या मेंदूतला ऐकण्याचा मूळ भाग, खरा आवाज कानावर पडल्यावर जो जागा होतो तोच, जागा झालेला दिसला. तीनच पेशंट होते, पण काम चोख होतं.

म्हणजे शब्द आतच तयार होतात आणि ते आपलेच आहेत ही खूण त्यांच्यावर लागत नाही, मग ते बाहेरून आल्यासारखे ऐकू येतात, असं आज बऱ्याच जणांना वाटतं. खूण का लागत नाही याचा शोध आता पेशींमधल्या जोडण्यांपर्यंत गेलाय. वयात येताना प्रत्येकाच्या मेंदूत नको असलेल्या जोडण्या छाटल्या जातात, बागेत छाटणी करतात तशा. २०१६ मध्ये हार्वर्डच्या लोकांनी सी-फोर नावाच्या जनुकाचे काही प्रकार स्किझोफ्रेनियाशी जोडले, ते जनुक या छाटणीत भाग घेतं. छाटणी जास्त झाली तर हा आजार होत असावा, हा अंदाज त्यातून बळकट झाला. हा आजार बहुतेक वेळा पंधरा ते तिशीतच का सुरू होतो याचं उत्तरही कदाचित तिथेच असेल. आणि त्या जोडण्या इतक्या बारीक की एमआरआयच्या एका ठिपक्यात कोट्यवधी मावतात, म्हणून फिल्मवर काही नाही.

त्याला सांगा, तुला ऐकू येतं ते तुझ्या मेंदूला खरोखर ऐकू येतं. बोलणारं बाहेर कुणी नाही, पण ऐकणं खोटं नाही.

कृष्णाकाठची

त्याला फोनच दिला वाचायला. दोनदा वाचलं. मग आत्याच्या खोलीत गेला आणि तिला शेवटच्या दोन ओळी वाचून दाखवल्या, आत्या काही बोलली नाही, त्याच्या डोक्यावरून हात फिरवला तिने. परत आल्यावर मला म्हणाला, बटण दाबायचं काम मला जमलं असतं.

सोमवारी अपॉइंटमेंट आहे. वजन चार किलो वाढलंय, साखर तपासलेली नाही, डोसचं आणि क्लोझापीनचं दोन्ही विचारायचं वहीत लिहून ठेवलंय, त्याने स्वतःच्या अक्षरात. काय झालं ते इथेच कळवते.